‘मान वर कर’ म्हणण्याआधी

आईबाबांनो, शाळकरी मुलं असलेल्या घरात एक वाक्य दिवसभरात कितीदा तरी ऐकू येतं: “मान वर कर, नीट बस!” मूल क्षणभर ताठ होतं आणि थोड्याच वेळात पुन्हा वहीवर नाहीतर मोबाइलवर ओणवं होतं. मग तेच वाक्य, जरा चढ्या आवाजात. मी फिजिओथेरपिस्ट आहे. मुलांच्या माना, पाठी, खांदे तपासणं हे माझं रोजचं काम. माझ्याकडे येणारे पालक खुर्चीत टेकायच्या आधीच सांगतात, “मॅडम, तुम्हीच जरा रागवा याला, सारखी मान खाली.” मला त्या मुलाला रागवायचं नसतं, त्याच्या मानेला हात लावायचा असतो. ती कुठे कडक झाली आहे, कुठे दुखते, किती वळते आणि कुठे अडते ते बघायचं असतं. आज तुमच्याशी बोलायचं आहे ते याचसाठी. मुलाच्या मानेकडे आधी नीट बघा, तिला हात लावा, मुलाला विचारा. बोलायचं ते नंतर बोला. मानेच्या बहुतेक तक्रारी साध्या असतात आणि हालचालीने, झोपेने, खेळाने जातात. काही थोड्या मात्र अशा असतात की तिथे घरगुती उपाय करत बसणं महागात पडतं. यांतला फरक आईबाबांना कळायला हवा, आणि तो कळण्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही.

हे वाचता वाचता डोकं थोडं पुढे झुकवा आणि मानेच्या मागून, शर्टाची कॉलर बसते तिथे, बोट फिरवा. एक टणक उंचवटा हाताला लागेल. बहुतेकांमध्ये तो मानेचा सातवा, म्हणजे शेवटचा मणका. माणसाच्या मानेत सात मणके असतात; जिराफाच्या एवढ्या लांब मानेतही सातच. त्यातले वरचे दोन बाकीच्यांसारखे नाहीत. पहिला मणका म्हणजे नुसतं हाडाचं कडं, त्यावर कवटी टेकलेली. ‘हो’ म्हणताना आपण मान डोलावतो ती मुख्यतः या सांध्यात. दुसऱ्या मणक्यातून दातासारखं एक टोक वर आलेलं असतं, आणि जात्याची वरची तळी मधल्या खिळ्याभोवती फिरावी तसं पहिल्या मणक्याचं कडं त्या दाताभोवती फिरतं. ‘नाही’ म्हणताना मान हलते ती इथे. मान डावीउजवीकडे जितकी वळते, त्यातलं जवळजवळ निम्मं वळणं या एका जोडीत होतं. तो दात जागेवर धरून ठेवतो एक आडवा, चिवट बंध, आणि त्या बंधाच्या लगेच मागून मज्जारज्जू खाली उतरतो. मणक्यांच्या दोन्ही कडांच्या भोकांतून दोन रक्तवाहिन्या वर मेंदूच्या मागच्या भागाकडे जातात. मज्जातंतूंच्या आठ जोड्या मानेतून निघतात आणि त्यातल्या खालच्या जोड्या थेट बोटांपर्यंत पोचतात. म्हणून मानेत दबलेली नस कधी अंगठ्यात मुंग्या आणते, कधी करंगळीत.

एवढ्याशा जागेत हे सगळं आहे. सलूनमध्ये केस कापून झाल्यावर हनुवटीला धरून मान ‘कडकन’ मोडून द्यायची जी पद्धत आहे, ती मुलांच्या बाबतीत मुळीच चालू देऊ नका. मोठ्यांनीही करून घेऊ नये. अशा झटक्याने मानेतल्या रक्तवाहिनीचं आतलं अस्तर फाटून अर्धांगाचा झटका आल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत.

लहान मुलाची मान आणखी वेगळी. जन्मतः बाळाचं डोकं त्याच्या एकूण लांबीच्या जवळपास पाव असतं. मोठेपणी ते सातव्या-आठव्या हिश्श्यावर येतं. डोकं जड, स्नायू कोवळे, बंध सैल. मोठ्या माणसाची मान पुढेमागे वाकते तेव्हा जास्तीत जास्त हालचाल पाचव्या-सहाव्या मणक्यापाशी होते. लहान मुलात ती वर, दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यापाशी होते आणि मूल साधारण आठ वर्षांचं होईपर्यंत हळूहळू खाली सरकते. म्हणून आदळआपट झाली तर लहान मुलाला मानेच्या वरच्या भागात इजा होण्याची भीती जास्त. रडणाऱ्या बाळाला वैतागून गदागदा हलवणं, हवेत उडवून झेलणं, मालिश करताना पाय धरून उलटं लोंबकळवणं, या सगळ्याला घरातल्या थोरामोठ्यांची भीड न बाळगता नाही म्हणा. मालिशला माझी हरकत नाही, आंघोळीआधीचं ते चोळणं बाळाला आवडतंही. उलटं टांगण्याला आहे.

आणि स्कूटर. संध्याकाळच्या रहदारीत बाबांच्या पुढे उभं राहिलेलं किंवा दोघांच्या मध्ये बसलेलं मूल झोपी गेलेलं असतं आणि प्रत्येक खड्ड्यागणिक त्याचं डोकं पुढेमागे आपटत असतं. आईचे दोन्ही हात पिशव्यांत अडकलेले. फेब्रुवारी २०२३ पासून लागू असलेल्या केंद्राच्या नियमानुसार चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर चालकाशी बांधणारा पट्टा हवा, नऊ महिन्यांपुढच्या मुलाला मापाचं हेल्मेट हवं आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. दंडाच्या भीतीने नको, पण त्या लोंबकळणाऱ्या मानेखातर हा नियम पाळा. मूल पेंगुळलं असेल तर रिक्षा करा.

बाळ जन्मलं की आजी पहिल्या काही महिन्यांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते, “मान धरली का गं?” हा फार मोलाचा प्रश्न आहे. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास बाळ मान सावरू लागतं आणि चौथा महिना सरेपर्यंत उभं धरल्यावर ती बऱ्यापैकी स्थिर राहते. तशी राहिली नाही तर ‘होईल हळूहळू, याच्या बाबाचंही असंच होतं’ म्हणत थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मान धरायला मदत करायची तर बाळ जागं असताना, तुमच्या नजरेसमोर, दिवसातून थोडा थोडा वेळ त्याला पालथं घाला. तुमच्या छातीवर पालथं घेतलंत तरी चालतं. झोपवायचं मात्र उताणंच. डोकं गोल व्हावं म्हणून कितीतरी घरांत मोहरीची उशी शिवतात. त्यामागची माया मला कळते, पण पहिल्या वर्षात झोपलेल्या बाळाच्या डोक्याखाली कुठलीच उशी नको.

आता जरा पायाळूंबद्दल. कुणाची कंबर लचकली, उसण भरली की पायाळू माणसाला शोधून आणायचं आणि दुखऱ्या जागी त्याचा पाय लावून घ्यायचा, हे गावाकडे तुम्हीही पाहिलं असेल. त्या पायाच्या गुणाबद्दल मी काही म्हणणार नाही. पण पायाळू बाळाच्या स्वतःच्या मानेबद्दल मात्र म्हणायचं आहे. गर्भात डोकं वर आणि पाय किंवा ढुंगण खाली अशा स्थितीत वाढलेल्या बाळांमध्ये जन्मतः मान एका बाजूला कलण्याचं प्रमाण जास्त असतं. खुब्याचा सांधा नीट न बसण्याचंही. या दोन गोष्टी पुष्कळदा हातात हात घालून येतात. म्हणून बाळाची मान कलती दिसली की आम्ही त्याचे खुबेही तपासतो, आणि बाळ पायाळू असेल तर, सिझेरियन झालं असलं तरी, दोन्ही गोष्टी आपण होऊन डॉक्टरांना विचाराव्यात.

अशी बाळं माझ्याकडे येतात तेव्हा आई बहुतेकदा मानेची तक्रार सांगतच नाही. ती म्हणते, “एकाच बाजूला नीट पिते. दुसऱ्या बाजूला घेतलं की रडते.” किंवा म्हणते, “डोक्याची मागची उजवी बाजू चपटी व्हायला लागलीय.” मी फोनमधले फोटो मागते. बारशाचा फोटो, आजोबांच्या मांडीवरचा फोटो, दुपट्यातला फोटो: सगळ्यांत डोकं डाव्या खांद्याकडे कललेलं आणि चेहरा उजवीकडे वळलेला. कानामागच्या हाडापासून छातीच्या मधल्या हाडाकडे आणि गळपट्टीच्या हाडाकडे तिरका उतरणारा एक स्नायू असतो. मान वळवलीत तर तुमच्या गळ्यावरही तो दोरखंडासारखा वर येतो. तो आखडला की डोकं आखडलेल्या बाजूला कलतं आणि चेहरा विरुद्ध बाजूला वळतो. काही बाळांत जन्मानंतर दोन ते चार आठवड्यांनी या स्नायूत ऑलिव्हच्या फळाएवढी टणक गाठ हाताला लागते. आई घाबरून जाते, साहजिकच आहे. ही गाठ बहुतांश वेळा काही महिन्यांत आपसूक विरते. डॉक्टरांना दाखवून, लागली तर सोनोग्राफी करून, ती नक्की तीच आहे एवढी खात्री करून घ्यायची.

तपासताना मी बाळाला उताणं ठेवते, खांदे आईला हलके धरायला सांगते आणि डोकं दोन्ही तळव्यांत घेऊन सावकाश वळवते. तान्ह्या बाळाची मान आपल्यापेक्षा खूप जास्त वळते. हनुवटी खांद्याच्याही थोडी पलीकडे जाते. ती दोन्हीकडे सारखी जाते का, हे बघायचं. मग कान खांद्याकडे न्यायचा, दोन्हीकडे. मग बाळाला उभं धरून एका बाजूला तिरकं करायचं आणि ते आपलं डोकं स्वतःहून किती वर सावरून धरतं ते बघायचं. यातून दोन्ही बाजूंच्या ताकदीतला फरक कळतो. शेवटी खुळखुळा. तो ज्या बाजूला बाळ वळत नाही त्या बाजूला वाजवायचा.

उपचारही साधेच आहेत, पण नेमाने करावे लागतात. स्नायू ताणायचे व्यायाम तुम्हाला हाताला धरून शिकवले जातात. त्याशिवाय दिवसभराची मांडणी बदलायची. पाळण्यात बाळाचं डोकं आज ज्या टोकाला, उद्या त्याच्या विरुद्ध टोकाला ठेवायचं, म्हणजे खिडकीकडे किंवा तुमच्याकडे बघायला त्याला नको असलेल्या बाजूला वळावं लागेल. खांद्यावर घेताना, पाजताना, खेळवताना हाच विचार. पहिल्या तीन महिन्यांच्या आत सुरुवात झाली तर बहुसंख्य बाळं शस्त्रक्रियेशिवाय पूर्ण बरी होतात. जितका उशीर, तितके जास्त महिने. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, बारशाचे फोटो एकदा याच नजरेने बघा.

मात्र प्रत्येक कलती मान स्नायूचीच असते असं नाही. मी वळवून बघितल्यावर मान दोन्हीकडे पूर्ण वळत असेल, स्नायू मऊ असेल आणि तरीही मूल बसल्यावर डोकं तिरकं धरत असेल, तर मी डोळ्यांकडे वळते. डोळा फिरवणारा एखादा स्नायू अशक्त असला की एकाच्या दोन वस्तू दिसतात. मूल डोकं कलवून त्या दोहोंची एक करून घेतं. अशा मुलाचा एक डोळा झाकला की पुष्कळदा मान आपोआप सरळ होते. तिथे मानेचे व्यायाम देणं चूकच, तिथे नेत्रतज्ज्ञ हवेत.

मूल मोठं झालं की तक्रार बदलते. सकाळी उठलं आणि मान एका बाजूला आखडलेली, वळवता येत नाही, वळवायला गेलं की डोळ्यांत पाणी. “मान लचकली, उशी उन्हात टाका,” असं आपल्याकडे म्हणतात. उशी उन्हात टाकायला काहीच हरकत नाही. बाकी शेक द्या, जितकी न दुखता वळेल तितकी मान मुलाला स्वतःला हळूहळू वळवू द्या, गरज वाटली तर डॉक्टरांनी सांगितलेलं वेदनाशामक द्या. बहुतेक मुलं काही दिवसांत, फार तर आठवड्यात मोकळी होतात. लाटणं फिरवणं, दाबून वळवणं, कुणाकडून ‘बसवून’ घेणं नको. कारण हीच आखडलेली मान आधीच्या आठवड्यात घसा दुखून, ताप येऊन गेल्यावर किंवा टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर आली असेल तर प्रकरण निराळं असू शकतं. घशातल्या संसर्गाच्या सुजेमुळे त्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यामधले बंध सैल पडतात आणि मणका वळलेल्या स्थितीतच अडकून बसतो. फ्रान्सच्या पिएर ग्रिझेल यांनी १९३० साली वर्णन केलेला हा आजार विरळा आहे. पण नेमक्या अशा मानेला झटका दिला तर मज्जारज्जूला धोका असतो. वेळेत ओळखला तर औषधं, विश्रांती आणि पट्टा एवढ्यावरही भागतं.

आणखी काही प्रसंग असे आहेत की तिथे फिजिओथेरपिस्टची अपॉइंटमेंट घेत बसू नये. ताप आहे, डोकं ठणकतंय, उलट्या होतात, उजेड सहन होत नाही आणि हनुवटी छातीला टेकवता येत नाही, तर तडक हॉस्पिटल गाठा, मेंदूच्या आवरणाला सूज असू शकते. तान्ह्या बाळात मान ताठ नसतानाही ही सूज असू शकते, तिथे ताप, मलूलपणा आणि दूध टाकणं एवढंही पुरेसं कारण आहे. सकाळी उठल्या उठल्या उलटी, डोकेदुखी आणि नव्याने कलू लागलेली मान, किंवा चालण्यात तोल जाणं, हातापायांत अशक्तपणा, लघवीवरचा ताबा जाणं, यातलं काहीही दिसलं तरी थांबायचं नाही. मूल उंचावरून, झाडावरून, दहीहंडीच्या थरातून पडलं आणि मान दुखते म्हणालं, तर त्याला ओढून बसवू नका, पाणी पाजायला डोकं उचलू नका. डोकं आहे त्या स्थितीत दोन्ही हातांनी स्थिर धरा आणि १०८ ला फोन करा.

आपल्या देशात एका आजाराची आठवण ठेवावीच लागते, तो म्हणजे मणक्याचा क्षय. मूल आठवडेच्या आठवडे मान दुखते म्हणतं, वजन घटतं, संध्याकाळी बारीक ताप येतो, रात्री झोपेत कळवळतं. आणि उठताना, झोपताना दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरून उठतं. ते डोकं धरणं ज्याने एकदा पाहिलं तो विसरत नाही. क्षयावर औषधं आहेत, सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळतात आणि पूर्ण घेतली तर मूल बरं होतं. फक्त मानेला बाम चोळत महिने घालवू नयेत.

डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या आईबाबांना वेगळं सांगते. या मुलांचे बंध मुळातच सैल असतात आणि काहींच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यांत अस्थिरता असते. कोलांटउड्या, शीर्षासन, ट्रॅम्पोलिन सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोला. खेळापासून त्यांना तोडू मात्र नका. पोहणं, नाचणं, धावणं त्यांनाही हवंच आहे.

आता येते ज्या मुलांसाठी तुम्ही सर्वांत जास्त रागावता त्यांच्याकडे. आठवी, नववी, दहावीची मुलं. शाळा, शिकवणी, गृहपाठ, आणि उरलेला वेळ फोन. व्हॉट्सॲपवर तुम्हाला एक चित्र आलं असेल, ज्यात मान जसजशी वाकते तसतसं मानेवरचं वजन वाढत २७ किलोपर्यंत जातं. न्यूयॉर्कचे मणक्यांचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेला तो हिशेब आहे. डोकं सरळ असताना साधारण पाच किलो, ६० अंश वाकल्यावर २७. हा आकडा संगणकावरच्या प्रतिकृतीतून काढलेला आहे, कुणाच्या मानेत मोजलेला नाही. शिवाय भार पडला म्हणजे इजा झालीच असं नसतं. २०१६ साली ऑस्ट्रेलियात सतरा वर्षांच्या हजारावर मुलामुलींची बसण्याची ढब तपासली, तेव्हा ढब आणि मानदुखी यांचा संबंध आढळला नाही. पोक काढून बसणाऱ्या गटात नैराश्याचं प्रमाण मात्र जास्त आढळलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. खाली गेलेली मान बघून आपण पाठीत धपाटा घालतो, तेव्हा त्या मुलाच्या मनावर काय साचलं आहे हे आपण विचारलेलंच नसतं.

याचा अर्थ तासन्‌तास मोबाइल चालेल असा कुणी काढू नये. मान वाकली म्हणून फार बिघडत नाही. ती तशीच, न हलता, दोन-दोन तास राहिली की बिघडतं. स्नायू थकतात, कडक होतात, दुखू लागतात. ज्या मुलाची झोप सहा तासांवर आली आहे, ज्याला सराव परीक्षेचं ओझं आहे आणि ज्याने मैदान सोडलं आहे, त्याला तेच दुखणं दुप्पट जाणवतं. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वयाच्या मुलांना रोज सरासरी तासभर दम लागेल असा खेळ सांगते. दहावीच्या वर्षात आपण सर्वांत आधी कात्री लावतो ती नेमकी या तासाला.

असं मूल तपासायला आलं की माझी तपासणी ते दारातून आत येतं तेव्हाच सुरू होते, कारण ‘उभा राहा’ म्हटलं की सगळीच मुलं छाती काढून उभी राहतात. दप्तर कोणत्या खांद्यावर आहे, खाली ठेवताना कसं ठेवलं, फोन बघताना डोकं किती पुढे गेलं, हे तोवर दिसून जातं. मग बाजूने बघते: कान खांद्याच्या रेषेत आहे की बराच पुढे. मग मान सहा दिशांना हलवायला सांगते, पुढे, मागे, दोन्ही खांद्यांकडे कलवून आणि दोन्हीकडे वळवून, आणि कोनमापकाने किंवा साध्या टेपने मोजते. हनुवटी आणि छाती यांत किती अंतर उरलं, हे तुम्हीही घरी बघू शकता. कुठे दुखलं, आणि दुखणं ओढल्यासारखं की टोचल्यासारखं, हे मुलालाच बोटाने दाखवायला लावते. मग हात. खांद्यापासून बोटांपर्यंत ताकद, स्पर्श आणि हातोडीने प्रतिक्षिप्त क्रिया. हातात मुंग्या येत असतील तर मान मागे नि बाजूला कलवून डोक्यावर हलका दाब देऊन बघते. त्याने कळ हातात उतरली तर नस चिमटत असण्याची शंका घेते. मुलांमध्ये हे क्वचितच निघतं.

सर्वांत जास्त सांगून जाते ती झोपवून करायची चाचणी. मूल उताणं झोपतं, हनुवटी किंचित आत ओढतं आणि डोकं बोटभर उचलून धरतं. मी घड्याळ लावते. मानेच्या पुढच्या बाजूला, अन्ननलिकेच्या मागे, मणक्यांना चिकटून काही खोल स्नायू आहेत; त्यांचं बळ यातून कळतं. उंच, धष्टपुष्ट मुलाचं डोकं थोड्याच सेकंदांत थरथरू लागतं आणि हनुवटी वर येते. ते स्वतःच चकित होतं. आईबाबांनाही तेव्हा पटतं की मूल आळशी नाही, ज्या स्नायूंनी मान सावरायची ते दमलेले आहेत. ओरडून ते बळकट होत नाहीत, आठ-दहा आठवडे व्यायाम करून होतात.

आणि एक प्रश्न मी न चुकता विचारते: फळ्यावरचं दिसतं का? वहीत नाक खुपसून लिहिणाऱ्या मुलांत चष्म्याचा नंबर निघणारी मुलं पुष्कळ असतात. नंबर लागला की मान आपणहून वर येते.

बरेच पालक हातात एक्स-रे घेऊनच येतात. रिपोर्टमध्ये लिहिलेलं असतं की मानेचा नैसर्गिक बाक कमी झाला आहे, आणि घरात चर्चा सुरू झालेली असते की मुलाला स्पॉन्डिलायटिस झाला, मणक्यात गॅप पडली. मुलांच्या एक्स-रेत तो बाक सरळ दिसणं पुष्कळदा अगदी सर्वसाधारण असतं. एक्स-रे काढताना हनुवटी जरा आत घेतली तरी तो सरळ दिसतो. आठ वर्षांखालच्या मुलात दुसरा मणका तिसऱ्यावर किंचित पुढे सरकलेला दिसतो, तेही त्या वयाला धरूनच असतं. म्हणून इजा किंवा धोक्याची खूण नसेल तर आपण होऊन एक्स-रेचा आग्रह धरू नका. मानेचा पट्टाही दुकानातून आणून महिनाभर बांधू नका. जे स्नायू बळकट करायचे तेच त्याने आणखी सुस्तावतात.

दप्तराबद्दल थोडक्यात. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणानुसार दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको. ३० किलोच्या मुलाला तीन किलो. घरातल्या काट्यावर एकदा मोजा आणि वेळापत्रक बघून रात्री मुलाबरोबर दप्तर भरा. दोन्ही पट्टे दोन्ही खांद्यांवर, दप्तर पाठीला लागून.

घरात बदल करायचे तर छोटे करा. पुस्तक टेबलावर सपाट ठेवण्याऐवजी मागे दोन जाड पुस्तकं लावून तिरकं ठेवा. लॅपटॉप उंचावर घ्या. पलंगावर पालथं पडून तासभर वाचायची सवय असेल तर जागा बदलायला सांगा. अर्ध्या तासाने मूल उठायला हवं, मग ते पाणी आणायला असो, कपडे वाळत टाकायला असो की गच्चीत चक्कर मारायला. कुशीवर झोपणाऱ्या मुलाची उशी कान आणि गादी यांच्यातली जागा भरेल एवढीच जाड असावी. व्यायाम दोनच सांगते, ते पुरेत. भिंतीला पाठ टेकून हनुवटी सरळ मागे ओढायची, जणू दुहेरी हनुवटी करायची आहे, मोजून दहा वेळा. आणि खांद्यांची फरी मागे-खाली खेचून पाच आकडे थांबायचं. दुखत असताना मान गोलगोल गरगर फिरवू नये. हे व्यायाम तुम्हीही मुलाबरोबर करा, कारण तुमच्या माना मुलांच्या मानांपेक्षा बऱ्या आहेत असं मला तपासताना दिसत नाही. बाळाला पाजताना तास न्‌ तास खाली बघणारी आई, कारखान्यातून नाहीतर बँकेतून आलेले बाबा, दोघांचे खांदे दगडासारखे लागतात.

शेवटचं एक मागणं. तपासणीला आल्यावर मी विचारते, “कधीपासून दुखतंय? कशाने वाढतं?” तेव्हा मुलाला उत्तर देऊ द्या. आई सांगते, “मोबाइल घेतल्यापासून.” मूल आईकडे बघतं आणि गप्प बसतं. थोडं थांबलं तर ते सांगतं की शिकवणीच्या वर्गात त्याला कोपऱ्यातला बाक मिळतो आणि दोन तास मान उजवीकडे वळवून फळा बघावा लागतो. बाक बदलून मिळतो का, हे आधी विचारून बघा. मग पुढच्या आठवड्यात मान पुन्हा मोजू.